थोडं कॅलिब्रेशन बाकी आहे

तुमच्या सोसायटीत एक असणारच. नसला तर शेजारच्या विंगमध्ये बघा. रात्री दीड वाजता ज्या खिडकीत दिवा असतो आणि सोल्डरचा धूर बाहेर येत असतो, तिथं तो राहतो. आमच्याकडच्या नगाला सगळे काटेकाका म्हणतात. आडनाव वेगळंच आहे, पण जगात जे जे काट्यावर चालतं ते ते त्यांच्या घरात येऊन पडल्यामुळे कुरिअरवालाही आता हेच नाव विचारत येतो.

काटेकाका व्हिडिओ गेम खेळत नाहीत. गेम विकत घेतात, कॉम्प्युटरवर चढवतात आणि पडद्यावर जे लख्ख दिसतंय तेच पडद्याबाहेर दाखवणारं यंत्र करायला बसतात. त्यांच्या ट्रकच्या गेममध्ये डिझेल किती उरलंय ते पडद्यावरच कळतं. काकांना ते टेबलावर हवं असतं, खऱ्या काट्यावर, खऱ्या काचेखाली. ‘‘पडद्यावरचं काय, कुणीही बघेल!’’ असं ते म्हणतात. यावर बोलायला जागाच राहत नाही, कारण कुणीही बघू शकतं हे खरंच आहे.

दूध आणायला निघालेल्या माणसाला ते बरोबर गाठतात. ‘‘अहो, या ना, दोनच मिनिटं.’’ आत गेलं की डायनिंग टेबलावर श्रीखंडाचा रिकामा डबा. डब्याला भोक, भोकात जुना व्होल्टमीटर, मागून वायरींचा गुंताडा. मग प्रवचन सुरू. हा गेम म्हणजे ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’, प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीनं 2012 साली काढलेला. वेग, इंजिनाचे फेरे, डिझेल, हवेचा दाब, पोचायचं गाव, ही सगळी माहिती गेममधून बाहेर काढायची सोय कंपनीनंच करून ठेवली आहे. ती यूएसबीच्या वायरीतून आर्डुइनोत येते. आर्डुइनो हा हाताच्या पंजापेक्षाही लहान बोर्ड. 2005 साली इटलीतल्या इव्रेयात, डिझाइन शिकणाऱ्या पोरांना झेपावा म्हणून तयार झालेला. तो 5 व्होल्टची वीज इतक्या भराभर चालू-बंद करतो की बिचाऱ्या काट्याला वाटतं, दाब मधलाच कुठला तरी आहे. प्रोग्रॅममध्ये 255 लिहिलं की टाकी फुल्ल, 0 लिहिलं की ठणठणाट.

‘‘आता बघा हं,’’ म्हणून काका ट्रक चालू करतात. काटा उजवीकडे जातो, थरथरतो, आणि टाकी अर्धी असताना पाऊण दाखवत उभा राहतो.

‘‘थोडं कॅलिब्रेशन बाकी आहे,’’ काका म्हणतात.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यांच्या दाराला पाटीऐवजी तेच लावावं. पोह्यांत मीठ कमी पडलं की काका म्हणतात, कॅलिब्रेशन बाकी आहे. मुलाला गणितात कमी मार्क पडले तेव्हाही तेच. सोसायटीचा मेंटेनन्स तीन महिने थकला म्हणून सेक्रेटरी दारात उभे राहिले, तेव्हा काकांनी तोंड उघडायच्या आत काकूच म्हणाल्या, ‘‘थांबा जरा, कॅलिब्रेशन बाकी असेल.’’

आणि या माणसाच्या स्कूटरचा पेट्रोलचा काटा गेली कित्येक वर्षं मेलेला आहे! सकाळी ऑफिसला निघताना काका स्कूटर दोन्ही हातांनी गदागदा हलवतात आणि कान टाकीला लावून पेट्रोल किती डुचमळतंय ते ऐकतात. जर्मनीतल्या खोट्या ट्रकमध्ये डिझेल किती याचा लिटरपर्यंत हिशेब, आणि कर्वे रोडवर खरी स्कूटर ढकलत आणायची. विचारलं तर म्हणाले, ‘‘त्यात काय मजा? तो काटा कंपनीनंच बसवलाय.’’

त्यांची मजा म्हणजे रविवारी जुना बाजार. लोक तिथं पितळेची भांडी शोधतात, काका गंजलेल्या गाड्यांची मीटरं हुंगत फिरतात. उरलेला वेळ बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत. तिथले दुकानदार त्यांना बघून खूश होत नाहीत. एक रेझिस्टर घेऊन तासभर बोलणारं गिऱ्हाईक कुणाला हवं असतं?

काकांचा भाचा बंदुकांचा ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळतो. तोही गेम आपली आतली हालहवाल बाहेर कळवतो. किती गोळ्या उरल्या, जीव किती उरला, बॉम्ब लावला की नाही. बॉम्ब लागल्यापासून फुटेपर्यंत 40 सेकंद. म्हणून काकांनी भाच्यासाठी काळी डबी केली. वर लाल आकडे, आत पीं-पीं करणारा बझर, आणि गेम नसतानाही चालवून बघता यावं म्हणून बाजूला एक बटण. भाचा संध्याकाळी येऊन नेईल म्हणून पॉवर बँक जोडून डबी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली. वॉचमननं साहजिकच बटण दाबलं. 40. 39. 38. तो माणूस ओरडत सुटला, बी विंग चपला न घालता खाली आली, जोशीकाकू तर गॅस चालू ठेवून आल्या. आकडा शून्यावर गेला, डबीनं एकदा पीं केलं आणि ती पुन्हा 40 पासून मोजू लागली. एवढ्यात काटेकाका जिना उतरून आले, गर्दीतून वाट काढत डबी कानाशी धरली आणि नाराजीनं म्हणाले, ‘‘शून्यावर बंद व्हायला हवी होती.’’ पुढचं वाक्य सगळ्या विंगनं एका सुरात म्हटलं.

दिवाळीत त्यांनी आकाशकंदील मुलाच्या रेसिंगच्या गेमला जोडला होता. इंजिनाचे फेरे चढले की कंदील हिरव्याचा लाल. समोरच्यांनी विजेचा दाब कमी-जास्त होतोय म्हणून तक्रार केली, एवढंच सांगतो.

बरं, हा माणूस नोकरी काय करतो? आयटी कंपनीत डॅशबोर्ड बनवतो. मॅनेजर लोकांसाठी गोल गोल रंगीत चकत्या, खरे आकडे, अचूक काटे. ते कुणी बघत नाही. मीटिंगमध्ये आठ सेकंद पडद्यावर येतात आणि ‘नेक्स्ट स्लाइड’ होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही डबीला हॉट ग्लू लावता लावता.

घरचे काटे मात्र एक व्यक्ती बघते. काकांच्या आई. आजींना मोतीबिंदू आहे, ऑपरेशन त्या पुढे ढकलतायत. पडद्यावरचा रस्ता त्यांना कळत नाही, सगळा करडा लगदा दिसतो म्हणतात. पण टेबलावरचा जाड लाल काटा दिसतो. रात्री जेवणं झाली की त्या शाल घेऊन शेजारी बसतात आणि काका, कधी नव्हे ते, खेळतात. ‘‘अरे, डिझेल संपत आलं.’’ ‘‘भरतो, आई.’’ ‘‘फार पळवू नकोस.’’ ‘‘नाही, आई.’’

त्यांच्यासाठी काकांनी गावाचं नाव दाखवणारी हिरवी पट्टी बसवली. या पट्टीत इंग्रजी अक्षरं तयार असतात, देवनागरी नसते. आपली अक्षरं आपण करायची, आणि तीही एका वेळी आठच, प्रत्येकाला उभे आठ, आडवे पाच ठिपके. एवढ्याशा ठिपक्यांत काकांनी ‘प्राग’ बसवलं. मी तिथंच होतो. आजींनी चष्मा वर-खाली केला, पट्टीला नाक लावलं आणि विचारलं, ‘‘प्रयाग आलं का रे?’’

काका म्हणाले, ‘‘आलंच, आई. 60 किलोमीटर.’’ कॅलिब्रेशनचं नाव नाही काढलं.

आजींनी हात जोडले. मग म्हणाल्या, ‘‘हवा बघितलीस का गाडीची?’’ आणि तिथं काका अडकले, कारण हवेचा आकडा गेममधून मिळतो, पण दाखवायला मीटर नाही. तर वाचकहो, जुन्या बाजारात, भंगारात, कुणाच्या गॅरेजमध्ये ट्रकचा किंवा एसटीचा हवेच्या दाबाचा गोल मीटर दिसला, तर घेऊन ठेवा. बंद असला तरी चालेल, काच फुटकी नसावी, काटा जाड हवा. पैसे काका देतील म्हणतात, पण त्यांच्या हिशेबाचं तुम्हाला माहीतच आहे. मी देईन.