मापाडी मामा

लातूरच्या आडत बाजारात मामांनी चाळीस वर्षं तूर आणि सोयाबीन मोजलं. काम सुटलं, माप सुटलं नाही. पंगतीतल्या दोन पाटांमधलं अंतर, शेजाऱ्याच्या भिंतीची सावली, मामीच्या भाकरीचा घेर, सगळ्यावरून त्यांची टेप फिरते. मोजताना पहिल्याला ते 'एक' म्हणत नाहीत. जुन्या रीतीप्रमाणे 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन.

१२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, तेव्हा बघायला आलेले लोक हात जोडून उभे होते. मामा "लाभ, दोन, तीन" करत वाघिणी मोजत होते. दहा भरल्या. पाणी सुमारे पाच लाख लिटर. घरी येऊन त्यांनी हिशेब सांगितला, "माणशी एक तांब्या अन् वर घोटभर."

मामी म्हणाली, "मंग तेवढा घोट तरी आणलाव का?"

अशा माणसाला नांदेडहून भाच्याचा फोन आला. त्याने एक वीस फुटी नाव घेतली होती. गोदावरीच्या घाटाला लावताना ती पायऱ्यांवर आपटे आणि रंग खरवडून निघे. जुनं टायर बांधून पाहिलं, तर नावेला काळे पट्टे पडले. दोराचं फेंडर करावं म्हणतो, पण केवढं? मामांनी फेंडर जन्मात पाहिलं नव्हतं. तरी म्हणाले, "माप माझ्याकडं लागलं." दुसऱ्या दिवशी मामीसह अहमदपूर-लोहा मार्गे एसटीने नांदेड गाठलं.

तोवर त्यांनी कोणाकोणाला विचारून सूत्र मिळवलं होतं. नावेच्या दर चार-पाच फुटांमागं एक इंच जाडी. दर दहा फुटांना एक फेंडर, पण तीनपेक्षा कमी नकोत. वीस फुटांना चार ते पाच इंच.

मग दोराचा विषय निघाला. भाच्याने अंबाडीचा दोर आणला होता. मामा भडकले, "अरे, अंबाडी पाण्यात कुजवल्याबिगर वाख निघत न्हाई. जी पाण्यात कुजून जन्मली, ती पाण्यातच कुजून मरंल!" नायलॉन निसरडं, गाठ धरत नाही म्हणून बाद. शेवटी काथ्या ठरला. मधे जुन्या दाव्यांचा गाभा, वरून काथ्याची वीण. गोठ्यात दावं, कासरा, चऱ्हाट सगळं हाताखालून गेलेलं असल्यामुळे मामांची बोटं भराभर चालत होती.

पण इंच ठरवताना त्यांच्यातला मापाडी जागा झाला. आडतीत वर चार दाणे पडल्याशिवाय खरेदीदार हलत नाही, आणि इथं तर समोर विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्यावर सुटलेलं, काठोकाठ पाणी. मामा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढं पाणी… अन् मोजायला कुणीच न्हाई?"

त्या धास्तीत एकेक फेर वाढत गेला. फेंडर नऊ इंचांचं झालं. बांधल्यावर नाव पायरीपासून इतकी लांब राहिली की नऊवारीतल्या एका आजीबाईंनी पाय टाकायला उचलला आणि तसाच मागं घेतला.

मामी पायरीवर बसून सगळं पाहत होती. म्हणाली, "ही तर चुंबळच की हो."

"चुंबळ? हे फेंडर हाय."

"डोकं अन् घागर एकमेकांना लागू नये म्हून चुंबळ. पायरी अन् नाव लागू नये म्हून हे. लई मोठी चुंबळ केली की घागर डुलती, अन् लई बारीक केली की टाळू दुखती. मी काय टेप घेऊन विहिरीवर जात होते का?"

तिने फेंडर मांडीवर घेतलं, वीण सैल केली, फेर उलगडले, दाबून पाहिलं, आणखी थोडे उलगडले आणि गाठ मारली. "बास."

मामांनी घाईघाईने टेप लावली. बरोबर पाच इंच. चेहरा उजळला. "बघ! माझंच सूत्र निघालं," म्हणत त्यांनी वहीत नोंद केली. बाकीची दोन त्याच मापाने झाली. "लाभ, दोन, तीन" म्हणत त्यांनी स्वतः बांधली. नाव पायरीला अलगद टेकली. आजीबाई चढल्या. मामी चढली. भाचा म्हणाला, "मामा, या की."

मामा वाकले. पायरी आणि नाव यांच्यातलं अंतर त्यांनी टेपने मोजलं. पाच इंच. पुन्हा मोजलं. तेवढंच. खालून पाणी चाललं होतं, बिनमापाचं.

"तुम्ही या फिरून," मामा म्हणाले, "मी इथं माप धरून बसतो."