आधी नोंदी वाचवा, मग रिसेट मारा

ई-बुक रीडर हँग झाला म्हणून मदतकेंद्राला फोन लावा. सल्ला ठरलेला: "फॅक्टरी रिसेट मारून बघा." तक्रार दोन मिनिटांत निकाली आणि वाचकाची वर्षानुवर्षांची टिपणं साफ. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! फोनवरच्या मुलांवर माझा राग नाही, त्यांना जे लिहून दिलंय तेच ती बोलतात. राग आहे तो लिहून देणाऱ्यांवर.

मुळात या यंत्राचं दुखणं चटकन कळत नाही. मोबाइल बंद पडला की पडदा काळा होतो. रीडरच्या ई-इंक पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यावर ते वर-खाली होतात आणि वीज काढून घेतली तरी जागच्या जागी राहतात. त्यामुळे आत सगळं ठप्प झालं, अगदी बॅटरी पार उतरली, तरी पान समोर दिसतच राहतं. आपण बोट फिरवत बसतो आणि पडदा गेला असं धरून चालतो. बहुतेकदा पडदा धडधाकट असतो. आधी तासभर चार्जिंगला लावा, मग, रीडर अ‍ॅमेझॉनचा किंडल असेल तर, त्याचं पॉवर बटण चाळीसेक सेकंद दाबून धरा. ते बंद होऊन पुन्हा सुरू होईल. यात एक अक्षरही पुसलं जात नाही.

तरीही पुन्हा पुन्हा अडकतंय? मग शेवटी टाकलेलं पुस्तक बघा. नवं पुस्तक आलं की शोध घेता यावा म्हणून किंडल त्यातल्या शब्दांची सूची करायला बसतं. फाइल करप्ट असली तर तिथंच अडकतं, बॅटरी उतरत राहते, पान उलटायलाही वेळ लागतो. अनेकदा ती एक फाइल काढली की काम भागतं. मराठी वाचकाला हे जास्त लागू, कारण त्याच्या रीडरमध्ये केबलने टाकलेला माल भरपूर: स्कॅन केलेली जुनी पुस्तकं, दिवाळी अंकांच्या पीडीएफ. अ‍ॅमेझॉनने भारतात किंडलवर मराठी पुस्तकं आणली ती डिसेंबर 2016 मध्ये. तोवर दुसरा मार्गच कुठे होता?

आणि रिसेटमध्ये जातो तो नेमका हाच ऐवज. विकत घेतलेली पुस्तकं खात्यातून पुन्हा उतरवता येतात, केबलने टाकलेली येत नाहीत. म्हणून रीडर कॉम्प्युटरला जोडा. किंडलच्या 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये 'माय क्लिपिंग्ज' नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. तुम्ही अधोरेखित केलेली वाक्यं आणि लिहिलेल्या नोंदी तिच्यात असतात. ती आणि पुस्तकं कॉपी करून घ्या. कॉम्प्युटरला रीडर दिसतच नसेल तर केबल बदलून बघा. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात.

रिसेटच्या आधी सॉफ्टवेअर अपडेटही करून बघा, पण त्याचंही तंत्र आहे. बॅटरी भरलेली हवी, आत जागा मोकळी हवी. वाय-फायवरून येत नसेल तर कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलची फाइल घ्या आणि किंडलमध्ये सगळ्यात बाहेर ठेवा, कुठल्याही फोल्डरमध्ये नको. ती आत कुठेतरी गेली की सेटिंगमधला 'अपडेट'चा पर्याय फिकाच राहतो. अपडेट टाळूही नका. 2016 मध्ये अ‍ॅमेझॉनने जुन्या किंडलना 22 मार्चची मुदत दिली होती. ती चुकवणाऱ्यांचं इंटरनेट तुटलं आणि केबलने अपडेट टाकण्यावाचून इलाज उरला नाही.

वाचकाच्या नोंदी म्हणजे कचरा, ही समजूत जुनीच आहे. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या '1984' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे खरं. पैसेही परत दिले. पण मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी काढलेली टिपणं निरुपयोगी झाली. ज्या मजकुरावर ती होती तोच गेला! अ‍ॅमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांना जाहीर माफी मागावी लागली. जेफ बेझोस यांना जाहीर माफी मागावी लागली. पुस्तकाची किंमत परत करता येते, त्यावर केलेला विचार परत करता येत नाही, हे त्या मुलाला कळलं होतं.

माझी मागणी साधी आहे. रिसेटचं बटण दाबलं की 'सगळं पुसलं जाईल' असा इशारा येतो. त्याच पडद्यावर, त्याच्या आधी, 'नोंदी आणि पुस्तकं बाहेर काढून घ्या' असं दुसरं बटण द्या. परस्पर पुस्तक पुसण्याची सोय ज्यांना 2009 मध्येच जमली होती, त्यांना एवढं जमत नाही हे मी मानायला तयार नाही.