अंडेपारखी

अंडेपारखी हा महाराष्ट्रातल्या शहरी वसाहतींत, किराणा दुकाने आणि बेकऱ्यांच्या आसपास आढळणारा, पंचेचाळिशी ओलांडलेला गृहस्थ होय. रत्नपारख्याप्रमाणे तोही माल उजेडाकडे धरून एक डोळा मिटतो. फरक इतकाच, की रत्नपारखी माल कानाशी नेऊन हलवत नाही.

हा गृहस्थ जन्मतः असा नसतो; रक्ततपासणीच्या अहवालातून तो घडतो. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण दिसेपर्यंत तो अंडी नुसती खात असतो. बाण दिसला, की अंड्यांविषयी बोलू लागतो.

खरेदीची सुरुवात दरापासून होते. १९८२ साली स्थापन झालेली ‘नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी’ शंभर अंड्यांचा घाऊक दर रोज जाहीर करते. अंडेपारखी तो मोबाइलवर वाचतो, शंभराने भागतो आणि नगामागे वरचे पैसे कशाचे, याचा खुलासा दुकानदाराकडे मागतो. वाहतूक, फूटतूट आणि दुकानाचे भाडे ही उत्तरे तो ग्राह्य धरत नाही.

मग तीस अंड्यांच्या ट्रेमधून सहा निवडणे सुरू होते. हलवल्यावर आत डचमळले तर अंडे बाद. तपकिरी अंडे दिसले, की त्याचा आदर वाढतो आणि त्याबरोबर संशयही. वास्तविक कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. त्याने पोषण वाढत नाही. पण ‘गावरान’ म्हणून चहाच्या पाण्यात रंगवलेले अंडे गळ्यात पडेल, या भीतीने तो ओल्या अंगठ्याने कवच घासून पाहतो. नाकारलेली चोवीस अंडी दुकानदार पुन्हा नीट मांडून ठेवतो. त्यांतलीच सहा अर्ध्या तासाने पलीकडच्या गल्लीतला अंडेपारखी तितक्याच कसोशीने निवडून नेतो.

घरी आल्यावर जलपरीक्षा होते. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून ओलावा उडत जातो आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. म्हणून ताजे अंडे पाण्यात तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते, फार जुने तरंगते. परीक्षा शास्त्रशुद्ध आहे. मात्र तिच्यातून अंड्याचे वय कळते, नासले आहे की नाही ते खात्रीने कळत नाही. पाठोपाठ अंडेपारखी सगळी अंडी नळाखाली चोळून धुतो. कवचावरचा नैसर्गिक संरक्षक थर त्यामुळे निघून जातो आणि जंतूंना छिद्रे मोकळी होतात. धुतलेली अंडी तो फ्रिजच्या दारात लावतो. दाराची सतत उघडझाप होत असल्याने तापमान सर्वांत जास्त तिथेच बदलते. आतल्या थंड कप्प्यात अंडी अधिक बरी राहिली असती, पण तिथे आधीच्या आठवड्याची आमटी असते.

स्वयंपाक हा या अभ्यासातला सर्वांत करुण भाग. अगदी ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटलेला असतो. काही दिवस गेले, की अंडे सहज सोलता येते. अंडेपारख्याने ताज्यातले ताजे निवडलेले असल्यामुळे सोलताना अर्धे पांढरे कवचाबरोबर जाते. हृदयाच्या काळजीने पिवळा बलक तो स्वतःच काढून ठेवतो. बशीत मुख्यतः मीठ आणि मिरपूड उरते.

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांतली जवळपास निम्मी बलकात. अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वेही मुख्यतः तिथेच. एका बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, हे खरे. पण बहुतेकांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धांशाने अधिक वाढते. अमेरिकेच्या २०१५–२०२० च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा गाळली गेली. निरोगी माणसाला रोजचे एक अंडे सहसा चालते. मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारावे. अंडेपारखी डॉक्टरांना विचारत नाही. तो बलक मुलाच्या बशीत सरकवतो आणि उरलेले पांढरे चमचाभर लोण्यात परतून पावाबरोबर खातो.

या जमातीची एक तरुण पोटजात व्यायामशाळेजवळ आढळते. ती पांढरे कच्चेच पिते. शिजवलेल्या अंड्यातली प्रथिने अधिक पचतात आणि साल्मोनेलाचा धोका टळतो, हे तिला सांगून उपयोग नसतो. तोंडात अंडे असल्याने ती उत्तर देत नाही.

शनिवारी रात्री अंडेपारखी भुर्जीच्या गाडीवर दिसतो. तिथे उजेड, कान, अंगठा, पाणी यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. तो फक्त ‘बटर जरा सढळ’ एवढेच सुचवतो.

श्रावण लागला, की ही जमात दिसेनाशी होते. कोंबड्या श्रावण पाळत नाहीत; अंडी येतच राहतात, गिऱ्हाईक घटते आणि दर बहुधा उतरतो. वर्षभर पैशा-पैशावरून वाद घालणाऱ्या अंडेपारख्याला त्या महिन्यात दुकानदार आपण होऊन कमी भाव सांगतो. अंडेपारखी ट्रेकडे पाठ करून साबुदाणा हातात घेतो आणि एकेक दाणा उजेडाकडे धरून पाहू लागतो.