कर्ज विकून झाल्यावरचा कळवळा

आयर्लंडच्या एखाद्या गावातला तीन पिढ्यांचा पब विक्रीला निघाला, की तिथल्या खासदाराचं निवेदन दुसऱ्या दिवशी तयार असतं. कर्ज विकत घेतलेल्या फंडाने माणुसकी दाखवावी, कर्जदाराशी बोलावं. फंड कशाला बोलेल? त्याने कर्ज पडेल भावात उचललेलं असतं, वसुली पूर्ण रकमेची मागायची असते आणि काही वर्षांत पैसे मोकळे करून निघायचं असतं. ऐकायला लावता येईल अशी होती ती कर्ज विकणारी बँक. आणि बँक तर सरकारचीच होती!

२०१८ साली परमनंट टीएसबीने दहा हजारांवर कर्जं लोन स्टार या अमेरिकी फंडाच्या कंपनीला विकली. ती घरांवरची होती, पण त्या वेळी बँकेचे सुमारे ७५ टक्के शेअर सरकारकडे होते. अलाइड आयरिश बँकेतही तेव्हा सरकारचाच मोठा वाटा होता, आणि तिनेही थकलेली कर्जं फंडांना विकली. २००८ नंतर करदात्यांच्या पैशांवर तगलेल्या या बँका. तरीही बँकेच्या व्यावसायिक निर्णयात सरकार पडणार नाही, अशी अर्थमंत्र्यांची भूमिका होती. बुडीत कर्जं कमी करा, हे युरोपीय मध्यवर्ती बँकेचं दडपण खरं होतं. म्हणून मालक असलेल्या सरकारने विक्रीच्या अटीसुद्धा विचारू नयेत?

छोट्या धंद्याचा जीव कुठे अडकतो ते बघा. कर्ज कंपनीच्या नावावर, पण खाली मालकाची वैयक्तिक हमी. तळमजल्यावर पब, वर कुटुंब राहतं, तारण म्हणून अख्खी इमारत. हप्ते थकले की फंड तारण ताब्यात घेऊन विकणारा रिसीव्हर नेमतो. तारणाच्या कागदातच तो अधिकार असतो, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. सरफेसी कायद्याची जप्तीची नोटीस दारावर चिकटलेली पाहिलेल्या आपल्या इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला हे समजावून सांगायला नको.

कायदे झाले, पण उशिरा आणि अर्धे. २०१५ च्या कायद्याने फक्त वसुलीचं काम पाहणाऱ्या कंपन्यांवर देखरेख आली. कर्जाचा खरा मालक असलेला फंड २०१८ च्या दुरुस्तीनंतर कक्षेत आला. तोवर अब्जावधी युरोंची कर्जं विकून झाली होती. मग २०२१ मध्ये छोट्या कंपन्यांना वाचवण्यासाठी 'स्कार्प' ही प्रक्रिया आली. कोर्टाचा खर्च टाळून तडजोड करता यावी, हा हेतू चांगलाच. पण कर्ज देणाऱ्यांपासून संरक्षण त्यात आपोआप मिळत नाही, त्यासाठी कोर्टाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. 'एक्झामिनरशिप' या कोर्टातल्या महागड्या मार्गाने जाणाऱ्याला मात्र ते सुरुवातीपासून मिळतं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून जो स्वस्त दाराने आला, त्यालाच उघड्यावर ठेवायचं, हा कुठला न्याय?

राजकीय दबाव आणायचा तर तो विक्रीआधी आणा. फंडाला ज्या भावात कर्ज देणार, तो भाव आधी दुकान चालवणाऱ्याला सांगा, पैसे उभे करायला मुदत द्या. मग सगळेच हप्ते बुडवतील, असं बँकवाले म्हणतात. भीती अगदीच खोटी नाही. म्हणून हिशेबाच्या वह्या तपासा, धंदा चालणारा आहे का बघा, मुद्दाम बुडवणाऱ्याला दारात उभं करू नका. पण सवलत देतच नाही, असं तरी सांगू नका. ती तुम्ही दिलीत, लोन स्टारला दिलीत.