हात दाखवून अवलक्षण

अंगठ्याकडे मी आयुष्यात कधी गांभीर्याने पाहिलं नव्हतं. सही करता येत असल्यामुळे त्याची गरजच पडली नव्हती. पण निवृत्तीनंतर शाळासोबत्यांचा ग्रुप झाला आणि सुप्रभातपासून शुभरात्रीपर्यंतचा सगळा कारभार एकट्या उजव्या अंगठ्यावर पडला. दोन महिन्यांत त्याने मलाच अंगठा दाखवला. बरणीचं झाकण फिरेना, गॅसचा लायटर दाबवेना.

डॉक्टर म्हणाले, "अंगठा आत घेऊन मूठ मिटा. आता मनगट करंगळीकडे वाकवा." वाकवलं, आणि बाहेर बसलेले पेशंटही दचकले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मला 'कर्वे' ऐकू आलं, म्हणून पुण्याचे का, असं विचारलं. तर निघाले स्विस! द कर्व्हें नावाच्या या शल्यविशारदाने १८९५ सालीच माझं दुखणं लिहून ठेवलं होतं. अंगठ्याच्या दोन कंडरा मनगटाशी एका अरुंद आवरणातून जातात, नेफ्यातून नाडी जावी तशा. नेफा जाड होऊन आवळला, की नाडी अडते. अडलेली नाडी ओढत राहिलं की काय होतं, हे पायजमा घालणाऱ्याला सांगायला नको.

त्याही आधी, १७१३ साली, इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली होती: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनाला लागलेला घोर. मला तिन्ही लागू पडली. श्रद्धांजली वाढदिवसाखाली जाऊ नये, हा घोर काय कमी असतो?

पट्टा, बर्फ आणि एक सल्ला घेऊन घरी आलो: "दुखल्यावर थांबू नका, दुखायच्या आधी थांबा." आल्याआल्या हिच्यावर विद्या पाजळली. "मूठ मिट बघू." तिने मिटली, मनगट वाकवलं आणि ओठ घट्ट दाबले.

"कधीपासून?"

"दिवाळीत सोऱ्या फिरवला तेव्हापासून."

बाहेर वैशाख तापला होता. मधल्या सहा महिन्यांत माझ्या पानात रोज चार पोळ्या वेळेवर पडत होत्या.

पट्टा एक, मनगटं दोन, दोन्ही उजवी. सध्या तो तिच्या हातात असतो. पोळ्या कोपऱ्यावरच्या केंद्रातून येतात आणि भांडी मी डाव्या हाताने घासतो. ग्रुपवर विचारतात, "कुठे गायब?" उत्तर द्यायला अंगठा आता मोकळा आहे, पण हात ओले असतात.