एक नंबर वरचा

नानांचं पक्कं मत आहे की कंपन्या प्रत्येक वस्तू मुद्दाम एक माप लहान काढतात. कुकर असो, पाण्याची टाकी असो, दाराची चौकट असो, नाहीतर मुलीच्या लग्नपत्रिकेवरचा गणपती असो, नाना तो लांब धरून बघतात आणि म्हणतात, "याच्या वरचा नंबर दाखव." चपला अशा घेतात की आधी नाना पोहोचतात, मग चपला. सदऱ्याच्या बाह्या बारा महिने दुमडलेल्या. नाशिकला डोळे तपासायला गेले तेव्हा डॉक्टरला म्हणाले, "एक नंबर वरचाच टाका, पुढं वाढणारच आहे." डॉक्टरने ऐकलं नाही. पोरगा अजून नवा आहे, असं नाना त्याच्याबद्दल सांगतात.

याचं मूळ वाढत्या अंगाच्या कपड्यांत असावं. आमच्या पिढीला जूनमध्ये शिंप्यापुढे उभं केलं की आई एकच वाक्य बोलायची, "वाढत्या अंगाची शिवा." चड्डी पहिल्या वर्षी गुडघ्याखाली, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी धाकट्याला. पुढे सगळ्यांचीच अंगं वाढायची थांबली. नानांचंही थांबलं, पण त्यांचा हिशेब चालूच राहिला. बरं, कुकर मोठा घेतला तर फार तर आमटी तळाला लागते. खरी अडचण सुरू झाली ती नानांनी पिकअप घेतल्यावर. पिकअप वाढत्या अंगाची नसते, हे त्यांना सांगणार कोण?

पिंपळगाव बसवंतला हायवेलगत माझं खता-औषधांचं दुकान आहे आणि शेजारी चाचाचं टायरचं. त्यामुळे पुढचा सगळा इतिहास मी बसल्या जागेवरून पाहिला. आमच्याकडे पिकअप म्हणजे घरातला सर्वात कष्टाळू माणूस. सकाळी टोमॅटोचे क्रेट घेऊन मार्केटला, दुपारी लासलगावला कांदा, रात्री वाशी. मधल्या वेळात साखरपुड्याची पाहुणेमंडळीही तीच पोहोचवते, पण ते पोलिसांपुढे बोलायचं नाही. एवढं राबल्यावर टायरं गुळगुळीत होणारच. खोबणीच्या तळाशी ज्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्या बरोबरीला रबर आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली, आता टायर बदला, असा त्याचा अर्थ. नानांच्या टायरांवरच्या त्या पट्ट्याही झिजल्या होत्या.

नाना दुकानात शिरले आणि टायरकडे न बघता म्हणाले, "वरचा नंबर."

चाचा उत्तर प्रदेशातून लहानपणी इकडे आला. मराठी आमच्यापेक्षा चांगली बोलतो, फक्त पैसे हिंदीत मोजतो. त्याने नानांना स्टुलावर बसवलं आणि जुन्या टायरची कड पुसून त्यावरचा आकडा दाखवला. २१५/७५ आर १५. "नाना, २१५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे कडेची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिम, इंचात." एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी ज्याने कोणी केली, त्याने आयुष्यात गिऱ्हाईकाला काही समजावून सांगितलं नसावं, असं माझं मत आहे. पण चाचाने धीर सोडला नाही. खडूने फरशीवर हिशेब मांडला. २१५ चे ७५ टक्के १६१. वर-खाली मिळून ३२२. रिमचे १५ इंच म्हणजे ३८१. एकूण उंची ७०३ मिलिमीटर. नानांना हवं होतं ते २३५/७५. सोसायटीच्या चेअरमनच्या जुन्या एसयूव्हीला त्यांनी ते पाहिलं होतं. त्याची उंची भरली ७३३.

"म्हणजे तीस मिलिमीटर फायदा," नाना म्हणाले.

"फायदा नाही, फरक," चाचा म्हणाला.

"तेच ते."

"आणि गाडी तीसने उचलणार नाही. निम्मा फरक वर जातो. खाली फक्त पंधरा मिळतात. दीड सेंटिमीटर."

"दीड तर दीड. फुकट कोण देतं?"

चाचाने मग वजनाचा विषय काढला, आणि हा विषय माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पिकअप रस्त्यावर आणायची ती माल वाहायला, आणि माल टायरच्या जाडीवर चढत नाही. मापाच्या पुढे आणखी एक आकडा असतो. तिथे १०० असेल तर एका टायरने ८०० किलो पेलायचे, १०४ असेल तर ९००, १०८ असेल तर १०००. त्याच्या पुढचं अक्षर वेगाचं. पिकअपच्या टायरवर एलटी लिहिलेलं असतं, म्हणजे ते हलक्या ट्रकसाठी बनवलेलं. त्याची कड जाड, प्लाय जास्त, हवाही जास्त दाबाने भरायची. एसयूव्हीचं टायर दिसायला गब्दुल असतं, पण ते पाच माणसं आणि त्यांच्या दोन सुटकेसी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं. त्यावर कांद्याच्या गोण्या रचल्या की त्याचं पोट खाली टेकतं, ते तापतं, आणि तापलेलं टायर कुठे फुटायचं ते आपल्याला विचारून ठरवत नाही. चेअरमनच्या गाडीत चेअरमनच बसतात. वजनदार माणूस आहे, पण एकटा.

एवढं ऐकल्यावर नानांनी दोन्ही टायरं अंगठ्याने दाबून पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, "वजनाचं म्हणतोस तर त्यातही वरचा नंबर दे."

ही मागणी रास्त होती. चाचाने २३५ मध्येच जादा भाराची टायरं शोधून काढली. मग नानांनी चष्मा पुसला आणि टायरची कड पंचांगासारखी वाचायला घेतली. डीओटी या अक्षरांपुढच्या आकड्यांशी ते थांबले. एका जोडीवर शेवटी १०२३ होतं, दुसऱ्या जोडीवर ४८२१. त्यांनी ४८२१ वर बोट ठेवलं.

"नाना, ती तारीख आहे," चाचा म्हणाला. "पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे वर्षाचे. ही २०२३ च्या दहाव्या आठवड्यातली, ताजी. ती २०२१ ची. पडून राहिली आहेत."

नानांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. दुकानदार एखादी वस्तू देऊ नको म्हणतो, तेव्हाच ती घ्यायची असते, हे त्यांचं दुसरं तत्त्व. त्यांचा मामेभाऊ सातपूरला टायरच्या कारखान्यात होता. मी म्हटलं, त्याला फोन करून विचारा. केला. मामेभावानेही तेच सांगितलं. फोन ठेवून नाना म्हणाले, "रिटायर झाल्यापासून त्याला काही माहीत नसतं." मागच्या चाकांना ४८२१ बसली.

नानांच्या पुतण्याचा वेगळाच हट्ट होता. त्याला मॅकव्हील, म्हणजे जाळीदार रिमं, हवी होती, सतरा इंची. टायरची एकूण उंची तेवढीच ठेवून रिम वाढवलं की मधलं रबर कमी होतं, आणि आमच्या शिवाररस्त्यावरच्या खड्ड्यांचा मार रबरच खातं. ते नसलं की रिम खातं, मग मालक. पण नानांनी हे काही न ऐकता त्याला एका वाक्यात उडवला, "जाळीदार वस्तूत वरचा नंबर नसतो."

चारही टायरं चढली. रिम जुनंच, अरुंद. त्यावर रुंद टायर ओढून बसवल्यामुळे कडा आत खेचलेल्या आणि पोट बाहेर. अशा टायरची झीज मधोमध होते. नानांना ते पोट फार आवडलं. पाचवं टायर घेतलं नाही, कारण नवं माप स्टेपनीच्या जागेत बसेना. तिथे जुनंच २१५ राहिलं.

पहिली तक्रार वळणावर आली. गाडी भरून मार्केटच्या फाटकात स्टिअरिंग पुरतं वळवलं की पुढून घर्र आवाज. टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला घासत होतं. नानांनी पत्र्यावर हातोडा चालवला. मग मागून आवाज यायला लागला, म्हणून कमानींना दोन्ही बाजूंनी एकेक पाटा वाढवला. आता भरलेली गाडी ठीक, पण रिकामी गाडी खड्ड्यात अशी उडायची की मागे ठेवलेले रिकामे क्रेट पुढच्या गावात सापडायचे. त्यात फाळका उंच झाला. हमालांनी दुसऱ्याच दिवशी खांदे चोळत क्रेटमागे जादा पैसे मागितले. टायरमुळे दीड सेंटिमीटर आणि पाट्यामुळे जे काही वाढलं असेल ते, पण हमालांच्या अंगात मोजपट्टी असते. नाना त्यांना म्हणाले, "तुम्हीच एक नंबर खालचे आहात." त्या दिवशी गाडी नानांनी आणि पुतण्याने भरली.

सगळ्यात रंगला तो डिझेलचा अध्याय. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, आणि मीटर बिचारं जुन्या चाकाचेच फेरे मोजत बसतं. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते. शंभर किलोमीटर गेलं की मीटरवर शहाण्णव उमटतात. वाशीला जाऊन-येऊन चारशेच्या आसपास होतात. त्यातले सोळा मीटरने गिळले. नाना भाडं किलोमीटरवर घेतात आणि मीटर दाखवून घेतात, कारण व्यवहार चोख. म्हणजे दर फेरीला सोळा किलोमीटर नाना व्यापाऱ्याला धर्मार्थ फिरवत होते. ॲव्हरेजही पडलं: किलोमीटर कागदावर कमी, डिझेल तेवढंच. शिवाय चाक उंच झाल्यामुळे कसारा घाट चढताना गाडी रडायची आणि एक गिअर खाली मागायची, म्हणून डिझेल खरोखरही जास्त जाऊ लागलं. नानांनी याचा दोष पंपाला दिला. पंप बदलला. मग दुसरा बदलला. शेवटी बाटलीत डिझेल घेऊन घरी उन्हात ठेवलं, पाणी खाली बसतं का ते बघायला. दोन दिवस ती बाटली ओट्यावर होती. पाणी बसलं नाही. चाचाने टायरचं नाव काढलं तर नाना म्हणाले, "टायर डिझेल पितं का रे?"

एकदा रात्री इगतपुरीच्या अलीकडे मागचं चाक बसलं आणि जुनी स्टेपनी लावावी लागली. एका अंगाला ७३३, दुसऱ्या अंगाला ७०३. सरळ रस्त्यावरही मागचा डिफरन्शियल दोन चाकांतला फरक सांभाळत घरघरत राहिला, आणि गाडी एका बाजूला झुकलेली. नाना रात्रभर दुसऱ्या बाजूला झुकून बसले. घरी आल्यावर म्हणाले, कंपनीने स्टेपनी लहान देऊन फसवलं.

मग पासिंग आलं. भाड्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी तपासणीला उभं करावंच लागतं. एजंटने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कपाळाला हात लावला. आरसीत टायरचं माप लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम, त्यात २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कंपनीने दिलेल्या मापदंडाच्या बाहेर गाडीत बदल चालत नाही. नानांनी सर्वोच्च न्यायालयाचाही एक नंबर वरचा कोणी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी साडूला फोन केला.

साडू निफाडचा, शांत माणूस, नानांसारखीच पिकअप, कंपनीच्याच मापाची. आमच्याकडे पासिंगपुरती टायरं मागायला कोणी लाजत नाही. साडूने चारही चाकं डिस्कसकट उतरवून दिली. नानांची गाडी कितीतरी महिन्यांनी कंपनीच्या मापाच्या चाकांवर उभी राहिली आणि पास झाली. दुसऱ्या दिवशी ते त्याच चाकांवर वाशीला गेले, कारण बदलायला वेळ नव्हता. मग तिसऱ्या दिवशी लासलगावला. चाचाच्या दुकानासमोर गाडी थांबवून मला हाक मारून सांगितलं, "वळणाला आवाज नाही, घाटात वरच्या गिअरवर आली, डिझेलही कमी पिती. पंपवाला सुधरला म्हणायचं."

चाचा आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

आठवडा उलटल्यावर साडूचा फोन आला. मी समोरच होतो, आणि नानांचा मोबाइल आवाजाच्या बाबतीतही एक नंबर वरचा असल्यामुळे दोन्हीकडचं ऐकू आलं.

"नाना, टायरं कधी देता? माझी गाडी विटांवर उभी आहे. माल मळ्यात सडतोय."

"एवढंच ना?" नाना म्हणाले. "आधी नाही का सांगायचं? माझी पडूनच आहेत, उद्या पाठवतो. टाक तुझ्या गाडीला, आणि वापर बिनधास्त. एक नंबर वरची आहेत."