चंदी वेळेवर: शहरी अश्वपालकांसाठी सहा नियम

डोंबिवलीत घोडा पाळलात, की सोसायटी एकच विचारते: पार्किंग कुठे? खरा प्रश्न वेगळाच. घोडं वरातीचं असो, नाहीतर पाडव्याच्या स्वागतयात्रेत फडके रोडवरून बालशिवाजीला मिरवणारं, त्याला वेळच्या वेळी खाऊ कसं घालायचं?

१. पोट ओळखा. एवढ्या धिप्पाड जनावराचं जठर जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. त्यात आम्ल रिकाम्या पोटीही पाझरत राहतं. उतारा म्हणजे लाळ, आणि ती चावतानाच सुटते. म्हणून दिवसभर थोडं थोडं. आठवडाभर कसंतरी खाऊन रविवारी हादडायचं, ही आपली रीत इथे नको. घोड्याला ओकता येत नाही.

२. माप ठरवा. ४०० किलोच्या घोड्याला रोज ६ ते ८ किलो सुकं गवत. आधी गवत, मग तोबऱ्यातली चंदी, तीही दोन-तीन वेळा विभागून. खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवस घ्या, नाहीतर पोटशूळ ठरलेला.

३. वेळ पाळा. फास्ट आणि स्लो लोकलमधली तीन मिनिटं जपणारा डोंबिवलीकर या कामाला जन्मजात लायक. फरक एवढाच, की उशीर झाल्यावर रेल्वे दिलगिरी व्यक्त करते. घोडं खूर आपटतं.

४. पत्रिकेवर विश्वास ठेवू नका. ‘वरात सायंकाळी ७ वाजता’ हे छापण्यापुरतं. बँडवाले येणार, मग मामांचा नाच, मग मामांची समजूत. तोवर मोतद्दाराजवळ गवताचं पोतं आणि पाण्याची बादली हवीच. वऱ्हाडी प्रेमाने गुलाबजाम भरवू लागले, तर त्यांना नवरदेवाकडे वळवा.

५. रस्त्याचा हिशोब धरा. एके काळी अरबी घोडे जहाजातून उतरत, म्हणून घोडबंदर. आज त्याच रस्त्यावर घोडं टेम्पोत उभं असतं आणि टेम्पो जागच्या जागी. एका वेळची वैरण गाडीतच ठेवा.

६. पावसाळा आठवा. दाणा-वैरण आधीच उधळलीत, तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, अशी कडक ताकीद शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना पत्रातून दिली होती. दिव्याची जळती वात उंदीर गवतात नेईल, इतकं बारीक लक्ष! आपण निदान गॅलरीतल्या गवताला बुरशी लागणार नाही, एवढं पाहावं.

सगळे नियम पाळलेत, तर रात्री बारा वाजता घोडं तृप्त असेल आणि तुम्ही दुपारच्या वडापाववर. घरचे विचारतील, “एवढा उशीर? घोडं कुठं पेंड खात होतं?”

खरं ते सांगा: “कल्याणला, कार्यालयाच्या मागे. साडेसातला. अगदी वेळेवर.”